पाहुण्यांचा वाटा

ताश्कंद, ३ एप्रिल २०१८

आदरणीय ओयसुलुव खाला,

सलाम. आई म्हणाली, फोनवर तू बोलायला लागलास की तुझी खाला पहिलं वाक्यही पुरं होऊ देणार नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही. सापार ड्रायव्हर परवा उर्गेंचला निघतोय, तो वाटेत ओक्कुमच्या फाट्यावर थांबून हे तुमच्या हातात देईल.

आमच्या कार्यालयात नवं काम निघालं आहे आणि ते माझ्या गळ्यात पडलं आहे. देशातल्या सगळ्या संशोधन केंद्रांनी पिकांच्या गुणांना यापुढे एकच नाव द्यायचं, आणि त्या नावांचा शब्दकोश मी करायचा. नुसतं नाव नाही, प्रत्येक गुणासमोर तीन रकाने भरायचे: काय मोजलं, कसं मोजलं, कोणत्या मापात मोजलं. हे तिन्ही जुळले, की ओक्कुमचं खरबूज सुदानमधल्या संशोधकालाही त्याच्या टेबलाशी बसून समजेल.

तुमच्या खरबूज केंद्राच्या नोंदी उघडल्या आणि डोक्याला हात लावला. अठराव्या वाणासमोर तुम्ही लिहिलं आहे, ‘सुनेसारखं सोसणारं’. मला कळतं, की हे खाऱ्या जमिनीत तगून राहतं. मला कळतं, कारण मी तुमच्या अंगणात वाढलो. सुदानमधल्या माणसानं काय समजावं? मी तिथे ‘क्षारसहनशीलता’ लिहिलं आहे. ‘ओठाला ओठ चिकटवणारं’ काढून त्या जागी ‘रसातली साखर, टक्क्यांत’ घातलं आहे. तुम्ही रागवाल, पण रागावून झाल्यावर सोबतचे तक्ते भरा. गेल्या वीस वर्षांच्या नोंदी त्यांत बसवून जूनअखेर पाठवा.

तुमचा भाचा,
कुवांदिक

*

ओक्कुम, १९ एप्रिल

बाळ कुवांदिक,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं. बसून वाचण्याजोगं त्यात काही नव्हतं.

‘क्षारसहनशीलता’! या तुझ्या शब्दात कोण सोसतंय ते नाही, आणि कोण सोसायला लावतंय तेही नाही. माझ्या शब्दात दोघंही आहेत. आमच्या जमिनीत मीठ आभाळातून पडलं नाही. नदी कापसावर वळवली, जमिनीखालचं पाणी चढलं, पाण्याबरोबर मीठ वर आलं. आणि हे सगळं एका समान तक्त्यातूनच आलं होतं. तेव्हाही तीन रकाने होते. काय पेरलं? कापूस. कुठे पेरलं? सगळीकडे. कधी वेचला? वरून हुकूम आला तेव्हा. त्या तक्त्यात खरबुजाला रकाना नव्हता. माझ्या गुरूंनी कापसाच्या आडोशाला, बांधाबांधांवर एकेक वाण जगवला. रकाना नव्हता म्हणूनच ते वाण वाचले. एवढं ध्यानात ठेव, ज्याला रकाना मिळतो त्याला हुकूमही मिळतो.

ज्या कोणाला माझं खरबूज समजून घ्यायचं आहे त्यानं इथं यावं, कट्ट्यावर बसावं, खावं. त्याहून सरळ पद्धत जगात निघालेली नाही.

आणि सुदानचं नाव पुढे करू नकोस. गेल्या आठवड्यात सापारच्या मेहुण्याचं लग्न झालं. पाणीवाटप अधिकाऱ्याची बायको माझ्या शेजारी जेवायला होती. ती म्हणाली, “ओपा, सरकारला खरबुजाची दोन केंद्रं जड झाली आहेत म्हणे. तुमचं आणि तोलझारचं. पुढच्या वर्षापासून पाणी एकालाच. आणि कोणाला ते तुमच्या भाच्याच्या तक्त्यावरून ठरणार.” मी घास गिळला आणि तिच्या ताटात आणखी पुलाव वाढला. मग घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं आणि हे वाक्य त्यात शोधलं. सापडलं नाही. कोणत्या रकान्यात घातलं आहेस?

ओयसुलुव खाला

*

ताश्कंद, २ मे

आदरणीय खाला,

ते वाक्य पत्रात नव्हतं. लिहून खोडलं होतं. तुम्ही तक्ते भरण्याऐवजी थेट मंत्रालयाच्या पायऱ्यांवर भाषण करायला याल अशी भीती वाटली. तुम्ही याआधी तसं केलं आहे.

खरं सांगतो. केंद्रं दोन आहेत आणि कालव्यात पाणी एकापुरतंच उरलं आहे. ज्याचं पाणी जाईल त्याच्या वाफ्यांत दोन वर्षांत झाऊची झुडपं उगवतील आणि वाण पाकिटांत पडून मरतील. हे माझ्या शब्दकोशामुळे होणार नाही. ते होणारच होतं. शब्दकोश नसता तर मंत्र्यांच्या मेहुण्याच्या गावाकडे बघून ठरलं असतं. निदान आता गुण बघून ठरेल.

जग तुमच्या कट्ट्यावर येणार नाही, खाला. जगाला तेवढा वेळ नाही आणि तुमच्याकडे तेवढा चहा नाही. तुम्ही निवृत्त झालात की ‘सुनेसारखं सोसणारं’ म्हणजे काय हे सांगायला कोण उरेल? मी, आणि मी तर ताश्कंदच्या कचेरीत बसतो. तुमचे वाण तुमच्या तोंडावर अवलंबून आहेत. मला ते कागदावर अवलंबून असायला हवे आहेत. कागद म्हातारा होत नाही.

तोलझारच्या शोदमोन एशबोयेवांनी त्यांचे तक्ते भरून पाठवलेसुद्धा. त्यांची साखर तुमच्यापेक्षा जास्त आहे. एखाद्या वर्षी नाही, दर वर्षी. मला हेच कळत नाही. दर सप्टेंबरला सापार तुम्ही पाठवलेलं खरबूज माझ्या दाराशी ठेवून जातो. मी वसतिगृहात होतो तेव्हापासून हा नेम चुकलेला नाही. तोलझारला मी कामासाठी चारदा गेलो आहे, तिथे तुमच्या पासंगाला पुरेल असं काही खाल्लं नाही. मग आकडे असे का?

तक्ते भरा. कोरे राहिले तर तोलझार न लढताच जिंकेल.

कुवांदिक

*

ओक्कुम, २४ जून

बाळ कुवांदिक,

भरले. भांडत भरले, पण भरले. सोबत पाठवते आहे.

शोदमोनला बिनविरोध निवडून देण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. शिकत होतो तेव्हापासून हा माणूस माझ्या वाटेत उभा आहे. परीक्षेत माझ्या पुढे, परिषदेत माझ्या पुढे, आता कालव्यावरही माझ्या पुढे. दाढी पांढरी झाली, वाट सोडत नाही.

तुझे काही शब्द वाईट नाहीत हे मान्य करते. ‘सालीवरची जाळी: नाही, विरळ, दाट’ हे मी तुझ्याआधीपासून म्हणते आहे. ‘फळाचा देठ सुटणे’ हाही ठीक. ‘गराचा रंग’ ओळखायला तू रंगाची पट्टी पाठवलीस. ती आमच्या केंद्रातल्या बायकांनी कढईच्या मुलाम्याचा रंग ठरवायला नेली आहे, मागून घेईन. ‘कसं मोजलं’ हा रकाना मात्र तू निव्वळ जागा भरायला काढलेला दिसतो. कसं मोजणार? जसं शहाणी माणसं मोजतात तसं. तरी तू प्रत्येक ओळीत मागितलंस म्हणून प्रत्येक ओळीत लिहिलं आहे: ‘उत्तम फळं पाहुण्यांना. मोजणी उरलेल्यांतून.’

सगळ्या वीस वर्षांना तेच लागू आहे. हात दुखला.

खाला

*

ताश्कंद, ३ जुलै

खाला,

‘उरलेल्यांतून’ म्हणजे काय?

कुवांदिक

*

ओक्कुम, ११ जुलै

बाळ,

तू शहरात राहून इतका कोरडा झालास, की हे मला तुला समजावून सांगावं लागतं?

वाफ्यातलं पहिलं उत्तम फळ कोणाचं? दारात येणाऱ्याचं. दुसरं? ज्याला येता आलं नाही त्याचं. आजारी शेजारी, बाळंतीण, सैन्यात गेलेला मुलगा. तुझी आजी असंच करायची, तिची सासूही असंच करायची. केंद्र सरकारचं झालं म्हणून त्याचं घरपण जातं का? पाहुण्याच्या तोंडचं फळ काढून त्याचा रस साखर मोजायच्या त्या नळीच्या काचेवर पिळायचा, डोळा लावून आकडा वाचायचा आणि चोथा फेकून द्यायचा, हे माझ्या हातून झालेलं नाही, होणारही नाही. नळीला काय कळतं? तिला उरलेलं फळ पुरतं. प्रामाणिकपणे मोजलं आहे, एक आकडा फुगवलेला नाही.

आणि तुझ्या दाराशी सापार जे ठेवून जातो ते कुठून येतं असं तुला वाटलं? दर वर्षी पहिल्या वाफ्यातलं पहिलं फळ मी स्वतः निवडते. सैन्यात गेलेल्या मुलाइतकाच तू लांब.

खाला

*

ताश्कंद, २० जुलै

आदरणीय खाला,

तुमचं पत्र वाचून मी कचेरीबाहेर जाऊन उभा राहिलो. म्हणजे ओक्कुमची साखर तक्त्यात सापडत नव्हती, कारण ती माझ्या पोटात होती. इतकी वर्षं मी तुमचे आकडे खात आलो आणि ढेकर देऊन वर विचारत होतो, की आकडे असे का.

आता ऐका. जुने आकडे बदलता येणार नाहीत, आणि ती ओळ मी खोडणार नाही. पण पाणी कोणाला ते ठरवणारा आयोग येतो आहे. दोन्ही केंद्रांवर जाऊन ते स्वतःच्या डोळ्यांदेखत मोजणी करतील आणि एका केंद्राचा प्रमुख दुसऱ्या केंद्रावर साक्षीला असेल. म्हणजे एशबोयेव तुमच्याकडे येतील आणि तुम्ही त्यांच्याकडे जाल. शब्दकोशात मी साखरेच्या पद्धतीपुढे नवी ओळ घातली आहे: ‘पिकलेल्या सर्व फळांना क्रमांक द्यावेत, चिठ्ठ्या टाकून नमुना निवडावा, त्यापूर्वी वाफ्यातून एकही फळ काढू नये.’

आधी चिठ्ठ्या. मग मोजणी. मग चहा. या क्रमात ओक्कुमचं पाणी आहे, खाला. एका दिवसापुरतं पाहुण्यांना पाहुणे समजू नका. तपासनीस समजा. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, न मागताच मिळत गेलं. हे मागतो.

कुवांदिक

*

ओक्कुम, ३० ऑगस्ट

बाळ,

आयोग येऊन गेला. चिठ्ठ्या टाकल्या, सगळ्यांसमोर मोजलं, सगळ्यांनी सह्या केल्या. कोणाला नाव ठेवायला जागा नाही. ऊन फार होतं.

खाला

*

ताश्कंद, १३ सप्टेंबर

आदरणीय खाला,

ओक्कुमचे आकडे आले. वीस वर्षांतले सगळ्यात फिके.

तुमच्या पत्रातला प्रत्येक शब्द खरा आहे याबद्दल मला शंका नाही. तुम्ही खोटं लिहीत नाही. मला फक्त क्रम हवा आहे. चिठ्ठ्या टाकल्या. त्याच्या आधी काय झालं?

कुवांदिक

*

ओक्कुम, २१ सप्टेंबर

बाळ कुवांदिक,

विचारलंस म्हणून सांगते. मी फाटकाशी उभी होते आणि माझ्या हातात चिठ्ठ्यांचा डबा होता. तुला दिलेला शब्द पाळायच्या तयारीनं उभी होते हे लिहून ठेव. भट्टीवरून यावा तसा वारा सुटला होता. अध्यक्ष गाडीतून उतरले, त्यांचे ओठ वाळून पांढरे पडले होते. मला म्हणाले, “ओपा, आधी काम, की आधी सावली?”

आता तूच सांग. पाहुणा दारात उभा राहून असं विचारतो, तेव्हा ‘आधी काम’ म्हणणारी बाई तुझ्या कोणत्या रकान्यात बसते?

डबा खाली ठेवला. कट्ट्यावर बसवलं, हिरवा चहा आणला, त्या सकाळची रोटी मोडली. चहानंतर पाहुण्यांपुढे पसरलेला दस्तरखान रिकामा कसा ठेवायचा? मी वाफ्यात गेले ती दुय्यम फळ आणायला, खरंच. पण वाकले आणि हात आपला ओळखीच्या वेलीकडे गेला. एक घेतलं. चौघांना एक कसं पुरेल म्हणून दुसरं घेतलं. मग तिसरं, कारण ड्रायव्हरही माणूसच.

शोदमोननं पहिली फाक खाल्ली आणि हातातली सुरी खाली ठेवली.

“ओपा, हे फळ चिठ्ठ्यांत आहे ना?”

“नाही. ते तुमच्या ताटात आहे.”

“मग तुम्ही मोजणार काय?”

“तुम्ही ठेवलंत, तर साल.”

त्यानं फाकेची साल खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला वेड लागलंय. उद्या तुमचं पाणी मला मिळेल.”

“मिळू द्या. आज चहा घ्या,” मी म्हणाले आणि त्याच्यापुढे आणखी एक फाक सरकवली.

त्यानं ती खाल्ली. वैरी असला तरी त्याला खरबुजातलं कळतं हे मी कधी नाकारलेलं नाही. अध्यक्षांनी चार फाका संपवून रुमालानं हात पुसले आणि तक्ता उघडून म्हणाले, की कागदावर ओक्कुम दर वर्षी इतकं फिकं का दिसतं, याचा उलगडा त्यांना अजून झालेला नाही. सालींचा ढीग त्यांच्या गुडघ्याशी होता.

मग आम्ही वाफ्यात गेलो. क्रमांक, चिठ्ठ्या, नळी, सह्या. बाकी सगळं तुझ्या नियमानं झालं.

तू म्हणालास, त्यांना तपासनीस समजा. प्रयत्न केला. या देशात मी पुष्कळ तपासनीस पाहिले, रागावणारे पाहिले, दमात घेणारे पाहिले, आणि त्यांच्यापुढे मी कधी वाकले नाही. पण तहानलेल्या तपासनिसाचं काय करायचं हे मला कोणी शिकवलं नाही.

पाणी जाणार असेल तर जाऊ दे. वाणांची पाकिटं तुझ्याकडे पाठवीन. तुझ्या शब्दांत नावं घालून. एवढं मी तुझं ऐकलं असं समज.

खाला

*

ताश्कंद, १४ ऑक्टोबर

आदरणीय खाला,

बसून वाचा.

काल आयोगाची अखेरची बैठक झाली. तोलझारची मोजणी तुमच्यानंतर आठवड्यानं तुमच्याच साक्षीनं झाली होती, आकडे उत्तम होते, निकाल टाईप करून तयार होता, नुसती सही बाकी होती. नियमाप्रमाणे दोन्ही केंद्रप्रमुखांनी नव्या मोजणीपुढचा ‘कसं मोजलं’ हा रकाना आपल्या हातानं भरायचा असतो. तुमचा ओक्कुमहून भरून आला होता, एशबोयेवांनी तिथेच बसून भरला. अध्यक्षांनी वाचायला घेतला आणि मध्येच थांबले. मग मला वाचायला दिला. मी मोठ्यानं वाचला:

‘आयोग येण्यापूर्वी फिकी फळं धरणाऱ्या वेली उपटून टाकल्या. दर वर्षी असंच करतो. मोजणी उत्तमांतून, पाहुण्यांना उरलेलं.’

अध्यक्षांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. एकानं वीस वर्षं चांगलं वाटून उरलेलं मोजलं, दुसऱ्यानं वाईट उपटून उरलेलं मोजलं. शब्द तोच, माप तेच, आणि तुलना शून्य. शब्दकोशाच्या नियमानुसार पद्धत जुळत नसेल तर दोन आकडे एका ओळीत मांडता येत नाहीत. हा नियम मीच लिहिला आहे, आणि लिहिताना मला ओक्कुम आठवलं नव्हतं.

निर्णय पुढे ढकलला आहे. पुढचे दोन हंगाम दोन्ही केंद्रांना अर्धं अर्धं पाणी, मोजणी सगळी नव्यानं. तुम्हाला हे पुरणार नाही हे मला माहीत आहे. पण झाऊची झुडपं उगवणार नाहीत.

बाहेर व्हरांड्यात मी एशबोयेवांना गाठलं. विचारलं, “आमाकी, जिंकलेली बाजी तुम्ही का घालवलीत?” ते टोपी डोक्यावर नीट बसवत राहिले. मग म्हणाले, “नुसतं खरबूज असतं तर पचवलं असतं, पोरा. तिनं रोटी मोडून दिली. रोटीत मीठ होतं.” आणि जिना उतरून गेले.

खाला, एक विचारतो, रागवू नका. तो माणूस खाल्ल्या मिठाला जागेल, हे तुम्हाला आधीच माहीत होतं का?

कुवांदिक

*

ओक्कुम, २० ऑक्टोबर

बाळ कुवांदिक,

बसून वाचलं. मग उठून पुन्हा वाचलं.

तुझा प्रश्न मला आवडला नाही. समोरचा पुढे काय करील याचा हिशेब मांडून ताट वाढलं, तर तो पाहुणचार नव्हे, बाजार झाला. मी हिशेब केला नव्हता. आता, त्या सकाळी रोटीत मीठ जरा जास्त पडलं होतं, असं केंद्रातल्या बायका म्हणतात. पडलं असेल. माझं वय झालं, हात हलतो.

शोदमोन उपटतो हे मला ठाऊक होतं. तो स्वतः लिहील असं स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी त्याला पुष्कळ नावं ठेवली, त्यांतली अर्धी परत घेते. अर्धी ठेवते, पुढचे दोन हंगाम लागतील.

तुझ्या रकान्याबद्दलही एक कबूल करते. ज्याला मी जागा भरायला काढलेला म्हणाले, त्यातच माणूस सापडला. बाकीच्या दोन रकान्यांत खरबूज आहे, मधल्यात मोजणारा आहे. हे सगळ्यांना सांग, सुदानलाही सांग. माझी एकच अट आहे. ‘सुनेसारखं सोसणारं’ हे तुझ्या शब्दाखाली लहान अक्षरांत का होईना, पण राहू दे.

पुढच्या वर्षी आधी चिठ्ठ्या, मग चहा. मी फाटकावर पाटी लावली आहे. गावात लोक म्हणतात, ओयसुलुवच्या दारात आता सोडतीशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही. ऐकून घेते.

सापारबरोबर तुझं खरबूज पाठवते आहे. पण आता नियम म्हणजे नियम. सगळ्या फळांना क्रमांक घातले, डोळे मिटून चिठ्ठी उचलली, जे निघालं ते गवतात गुंडाळलं. कसं निघतं ते कळव. तिन्ही रकाने भर.

खाला

*

ताश्कंद, २७ ऑक्टोबर

आदरणीय खाला,

काय मोजलं: रसातली साखर. कसं मोजलं: एकट्यानं, स्वयंपाकघरात उभं राहून, सबंध फळ खाऊन. कोणत्या मापात: काकडीपेक्षा जरा बरं.

नियम अगदी बरोबर आहे, त्यातलं एक अक्षरही बदलणार नाही. पण पुढच्या वर्षी मला नमुन्यात धरू नका. सप्टेंबरात मी स्वतः येतो. चिठ्ठ्या टाकून होईपर्यंत फाटकाबाहेर थांबेन.

तुमचा पाहुणा,
कुवांदिक